फाचिनालची वाट

डांबरी रस्ता सोडून गाडी वाळूच्या वाटेला लागली आणि नीबियाला चाकोऱ्या दिसल्या. एका-दोन गाड्यांच्या नव्हेत. वाट मधोमध खचली होती, कडेचं गवत चिरडून भुईसपाट झालं होतं. पुढे एक वळण होतं. तिथे गाडीची कूस निवडुंगाला घासू नये म्हणून एबेर दरवर्षी श्वास रोखून स्टीअरिंग धरायचा. यंदा तो निवडुंगच कुणीतरी तोडून बाजूला फेकला होता.

"सरकारला बुद्धी झाली वाटतं," एबेर म्हणाला. "रस्ता रुंद केलाय." पण त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती.

नीबिया खिडकीबाहेर बघत राहिली. काय झालंय ते तिला त्याच्या आधी कळलं होतं.

दोघं मोन्तेविदेओची, ला तेहा भागातली. एबेर बसगाड्यांच्या कारखान्यात वेल्डर होता. निवृत्त झाल्यावर त्याने भंगारात निघालेली एक मिनीबस घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, फ्रीज आणि गुडघे दुमडून बसावं लागेल असा संडास बसवला. गाडीला पुढून पोट सुटल्यासारखं दिसायचं, म्हणून तिचं नाव पडलं जाडी. कार्निव्हल संपला, पोरांच्या शाळा सुरू व्हायला आल्या, शहरातली गर्दी किनाऱ्यावरून उठली की ही दोघं जाडीला बाहेर काढत आणि पूर्वेकडे निघत. एका किनाऱ्यावर दोन दिवस, दुसऱ्यावर चार, असं करत ब्राझीलच्या हद्दीपर्यंत. शेवटचा मुक्काम नेहमी फाचिनालला.

फाचिनाल नकाशात नव्हतं. दोन नावाजलेल्या किनाऱ्यांच्या मध्ये, दलदलीच्या पाठीमागे दडलेला वाळूचा एक वाकडा तुकडा. तिथे टेकाडावर ओर्फिलाबाईंचं गवतानं शाकारलेलं घर होतं. नवरा मासेमार होता, तो गेल्यावर त्या एकट्याच राहत. पहिल्या वर्षी जाडी तिथे वाळूत रुतली, तेव्हा ओर्फिलाबाई फळ्या आणि घोडा घेऊन आल्या होत्या. एबेरने बदल्यात त्यांचा हातपंप दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी निघताना त्या म्हणाल्या होत्या, "केव्हाही या. फक्त वाट कुणाला दाखवू नका. जमीन सरकारची आहे, माझ्याकडे कागद नाही. कुणाचं लक्ष नाही तोवर हे माझं घर."

दोघांनी शब्द दिला होता. तेव्हापासून दरवर्षी एबेर तिथे काहीतरी दुरुस्त करी: कधी दार, कधी छप्पर, कधी होडीचा तळ.

तारेच्या फाटकापाशी आल्यावर पुढचं सगळं दिसलं. टेकाडांच्या मधल्या सपाटीत गाड्याच गाड्या होत्या. काही नव्या कोऱ्या पांढऱ्या, काही रंगवलेल्या व्हॅन, एक चक्क शाळेची जुनी बस. अर्जेंटिनाच्या पाट्या, ब्राझीलच्या पाट्या. छत्र्या, खुर्च्या, वाळत घातलेले टॉवेल, दोन ठिकाणी दोन वेगवेगळी गाणी. हातपंपापुढे प्लॅस्टिकच्या कॅनची रांग होती.

अकेशियाच्या झाडांखालची त्यांची जागा मात्र मोकळी होती. चारही बाजूंनी जुनं मासेमारीचं जाळं बांधून कुणीतरी ती राखून ठेवली होती.

ओर्फिलाबाई जाळं सोडायला स्वतः आल्या. एबेर मदतीला आधी उतरला, दोघं जाळ्यापाशी काहीतरी बोलली, मग नीबिया उतरली. सत्तरी उलटलेली, वाळलेल्या बोंबिलासारखी काटक बाई. नीबियाला त्यांनी छातीशी धरलं. "आलीस पोरी. गुडघा कसा आहे?" नीबियाचा साठीतला गुडघा गेल्या हिवाळ्यात कापून जोडला होता, ते फोनवर ऐकलेलं त्यांच्या लक्षात होतं. एबेरकडे त्यांनी पाहिलं नाही. एबेरने हात पुढे केला होता, तो त्याने परत घेतला आणि टोपी नीट केली.

मग त्या घरासमोर बसल्या आणि माते काढला. माते हा कडू पाल्याचा चहा. तो पिणं म्हणजे एक वाळका, पोकळ भोपळा, एक नळी आणि सगळ्यांची पाळी. यजमान गरम पाणी ओततो, एकाला देतो, तो रिकामा करून परत देतो, मग दुसऱ्याला. ओर्फिलाबाईंनी पहिला स्वतः प्यायला, तशी रीतच आहे. दुसरा नीबियाला दिला. मग भोपळा परत घेतला, पाणी ओतलं आणि स्वतः प्यायला. मग पुन्हा नीबियाला.

एबेर बाकावर दोघींच्या मध्येच बसला होता. त्याचा हात गुडघ्यावरून अर्धा उचलला गेला होता. पाळी चुकली असं कधी होत नाही. चुकवली जाते. हे त्याला कळत होतं, नीबियाला कळत होतं, आणि ओर्फिलाबाई तर ते करतच होत्या.

"सरकारी साहेब येणार आहे," ओर्फिलाबाई नीबियाला सांगत होत्या. "परवा. माझ्यावर तक्रार आहे. सरकारी जमिनीवर बिनपरवाना तळ चालवते म्हणून. शेजारच्या किनाऱ्यावरची दोन घरं मागच्याच महिन्यात यंत्र लावून पाडली. डिसेंबरपासून, उन्हाळा लागल्यापासून, हे लोक येताहेत. येतात आणि म्हणतात, आजी, एक रात्र राहू का? आता काय बोलायचं माणसांना, पोरंबाळं असतात गाडीत." त्या थांबल्या. "कुणीतरी वाट सांगितली. कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही ते मला माहीत आहे."

भोपळा नीबियाच्या हातात होता. तिने नळी ओठांना लावली आणि तळाशी नुसती हवा वाजेपर्यंत ओढत राहिली.

जाडी वाळूत लावायची म्हणजे ती पातळीत आणावी लागे, नाहीतर रात्री माणूस पलंगावरून घरंगळतो. एबेर खाली झोपून चाकांखाली फळ्या सरकवी आणि नीबिया आत शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवून पाणी कुठे झुकतंय ते सांगे. बुडबुड्याचं यंत्र होतं, पण एबेरचा त्यावर विश्वास नव्हता.

"पाणी कुठे?" त्याने खालून विचारलं.

"तुझ्या बाजूला."

फळी सरकल्याचा आवाज आला. मग गाडीच्या तळाखालून, जमिनीतून यावा तसा त्याचा आवाज आला.

"नीबिया, ते मीच केलं."

ती पातेल्याकडे बघत राहिली.

"तुला सांगितलं नव्हतं. शरद ऋतूत, क्लबमध्ये. दार्दोला. त्या दिवशी आम्ही लाकडी गोळे फेकायचा सामना जिंकलो होतो, थोडी झाली होती. म्हणालो, दार्दो, तुला एक जागा सांगतो, मेलास तरी कुणाला सांगू नकोस. त्याच्या पुतण्याकडे व्हॅन आहे. बाई मघाशी, जाळं सोडताना, तू गाडीतच होतीस तेव्हा मला सरळ विचारत होती, कुणाला बोललास का म्हणून. मी काय सांगणार? बोललो होतो, म्हणून हो म्हटलं."

दार्दोला नीबिया चांगली ओळखत होती. त्याला संधिवात होता, तो कोपऱ्यावरच्या बेकरीपलीकडे जात नसे, आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला आदल्या दिवशीचा सामनाही आठवत नसे. पुतण्याची व्हॅन पाव वाटायला होती.

आता बोलायचं, एवढंच. तळाला एक पत्रा, त्याच्यावर ती, त्याच्याखाली तो. त्याचं तोंडही दिसत नव्हतं. याहून सोपी वेळ मिळाली नसती.

"पाणी सरळ झालं," ती म्हणाली.

जे खरोखर झालं होतं ते असं. जून-जुलैच्या हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नीबिया ला तेहाच्या घरात खिडकीपाशी अडकून पडली. बाहेर दक्षिणेचा वारा, पाऊस, आणि एबेर दिवसभर क्लबात. तिच्या सोबतीला फोनवरचा गट होता: फिरत्या घरवाल्यांचा. देशभरची, सीमेपलीकडची माणसं. त्या गटात पैसा चालत नसे, जागा चालत. कुणी एक झरा सांगे, कुणी एक पेट्रोलपंप, जिथे रात्री कुणी उठवत नाही. जो देईल त्याला मिळे. नीबिया फोटो टाकायची, मागच्या वर्षांचे: सूर्योदय, वाळू, दोन खुर्च्या. लोक विचारत, हे कुठलं? ती हसरा चेहरा पाठवून गप्प बसे.

मग साल्तोच्या कुणा नेल्सनने लिहिलं, "नीबियाबाई म्हणजे शंखातला खेकडा. राहायला दुसऱ्यांचे शंख चालतात, स्वतःचा दाखवायचा नाही." खाली हसण्यांची रांग लागली. दिवसभर ती रांग वाढत होती. त्या आठवड्यात तिच्याशी दुसरं कुणी काही बोललं नव्हतं.

संध्याकाळी तिने फोन तोंडाशी धरला आणि बोलली. लिहिलं असतं तर कदाचित चार ओळींत संपलं असतं. पण नीबिया तीस वर्षं राजधानीच्या मोठ्या बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करत होती. कुठली गाडी, कुठला फलाट, कुठे कुठे थांबेल, हे एकदा ऐकलं की खेड्यातल्या माणसालाही कळावं असं बोलणं हेच तिचं काम होतं. तिने तसंच सांगितलं. सगळे खूष झाले. बाई म्हणजे सोनं, असं नेल्सनने लिहिलं. ती रात्री गाढ झोपली. पहाटे जागी झाली तेव्हा तिने तो निरोप पुसला. पण तोवर तो दुसऱ्या गटांत गेला होता, तिथून तिसऱ्या, आणि पुसून फक्त तिच्या फोनवरचा गेला.

तिने मनाची समजूत घातली होती की एवढ्या लांब कोण जातंय.

सकाळी शेजारच्या गाडीतली बाई आली, रोसारियोची, हातात गोड पावांची थाळी. कुठून आलात, गाडी स्वतः बांधलीत का, असं विचारू लागली. नीबियाने उत्तर द्यायला सुरुवात केली तशी बाईने मान तिरकी केली.

"तुमचा आवाज मी कुठेतरी ऐकलाय."

नीबियाने गळ्यावर हात ठेवला आणि खोकली. "घसा," ती कुजबुजली. "रात्रीपासून बसलाय."

त्यानंतर तिला आवाज राहिला नाही. चारी बाजूंच्या गाड्यांत, प्रत्येक फोनमध्ये, ती स्वतः बसली होती, स्पष्ट, ठसठशीत, एकेक वळण नीट सांगत. कुणीही कधीही बोट दाबलं असतं तरी पुरे होतं. म्हणून ती कुजबुजू लागली, मग मानेनेच बोलू लागली. पंपावर जायची तर रांग ओसरल्यावर जायची.

एबेरला बायको गप्प म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. तो घाबरला. त्याने लिंबू पिळून आणलं, मध कुठून तरी पैदा केला, तिच्या गळ्याभोवती स्वतःचा मफलर गुंडाळला. "बोलू नकोस," तो म्हणायचा. "खुणेनं सांग. आयुष्यभर माझं डोकं खाल्लंस, दोन दिवस त्याला विश्रांती दे." आणि गळ्यावरून हात फिरवायचा.

दुपारी ओर्फिलाबाई मार्सेला नावाच्या रानफुलांचा काढा घेऊन आल्या. गुड फ्रायडेच्या पहाटे, दव असताना तोडलेली फुलं. त्यांचा गुण जास्त. त्यांनी समोर बसून तिला तो कडू काढा प्यायला लावला. "रडं आवरून धरलं की घसा बसतो," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं केलेलं बायकोच्या गळ्याशी येतं. मला कळतं. तुझा यात काय दोष?"

नीबियाने वाटी रिकामी केली. तळाशी राहिलेली फुलंही चावून गिळली.

एबेर त्या वेळी ओर्फिलाबाईंच्या छपरावर होता. पश्चिमेकडून गवत उडालं होतं, ते तो पेंढी पेंढी बसवत होता. ओर्फिलाबाईंनी त्याला बसव म्हटलं नव्हतं, उतर म्हटलं नव्हतं. खाली त्यांनी शिडी धरली नव्हती. पाणीही विचारलं नव्हतं. तो वरून काहीबाही बोलायचा, जुने विनोद, घोड्याची खुशाली, आणि खालून उत्तर येत नसल्याने स्वतःच हसायचा. मग तेही थांबलं. नुसते गवत बसवल्याचे आवाज येत राहिले.

ऊन उतरल्यावर तो गळ घेऊन पाण्यावर गेला. नीबिया खुर्ची घेऊन मागे गेली. लाटा गढूळ होत्या, कोर्विना मासा लागायची वेळ होती. एबेरने दोरी लांब फेकली, गळाची काठी वाळूत रोवली आणि तिच्या शेजारी बसला.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "उद्या साहेब आला की मी पुढे होणार. सांगणार, साहेब, हा तळबिळ काही नाही. ही सगळी माझी माणसं. माझा क्लब आहे, मी बोलावलं, म्हातारीला काही माहीत नाही, तिला विचारलंही नव्हतं. काय करायचं ते मला करा. ते जाडी अडकवून ठेवतील, फार फार तर. ठेवू देत. तिच्या डोक्यावरचं छप्पर जाण्यापेक्षा आपली चाकं गेलेली बरी." त्याने वाळूची मूठ भरली आणि सोडली. "आपल्या सहली संपतील, म्हातारे. तुला वाईट वाटेल. पण मी झोपू शकत नाही गं. तिनं मला माते दिला नाही ते ठीक आहे. मी तिच्या जागी असतो तर बुटानं मारलं असतं."

"एबेर, नको," ती कुजबुजली.

"तू बोलू नकोस, घसा..."

"दार्दोनं कुणाला सांगितलं नाही." कुजबूज मध्येच फाटली आणि तिचा खरा आवाज बाहेर आला, स्थानकावरचा, लाटांच्या वरून ऐकू जाणारा. "दार्दोला तर आठवतही नसेल. मी सांगितलं. मी गटात बोलले. सगळी वाट, फाटकासकट."

एबेरने तिच्याकडे पाहिलं. आधी घशाकडे, मग तोंडाकडे.

"केव्हा?"

"हिवाळ्यात. गुडघा होता तेव्हा."

"म्हणजे मी गाडीखाली होतो तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"ती मला वगळत होती तेव्हाही."

"हो."

"आणि घसा?"

"घसा चांगला आहे."

गळाची काठी वाकली, सुटली, पुन्हा वाकली. तो उठला नाही.

"मध मी त्या ब्राझीलवाल्यांकडून मागून आणला," तो म्हणाला. "पोर्तुगीजमध्ये मधाला काय म्हणतात मला माहीत नव्हतं. मी त्यांच्यासमोर मधमाशी होऊन दाखवलं. हात फडफडवून. त्यांची पोरं अजून मला बघून हसतात."

नीबियाला वाटलं होतं तो ओरडेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो मीठ कमी पडलं तरी ओरडायचा. आता तो अगदी हळू बोलत होता.

"वाट सांगितलीस त्याचं मला काही नाही. जीभ घसरते. माझी तर रोज घसरते. पण तू मला त्या बाकावर बसवून ठेवलंस, म्हाताऱ्या माणसाला, हात पुढे करून. आणि स्वतः पीत होतीस." त्याने दोरी गुंडाळायला घेतली. मासा होता की नव्हता त्याने पाहिलंच नाही. "जा, तिला सांग. मी सोबत येणार नाही. आजवर माझ्या वतीनं तू लोकांची माफी मागत आलीस, मी मान खाली घालून मागे उभा राहायचो. आज तुझं तू बघ."

ओर्फिलाबाई अंगणात बसून समुद्रशेवाळ निवडत होत्या. भज्यांसाठी. ओहोटीला खडकावरून कापून आणायचं, मग त्यातली वाळू, शिंपल्या, बारीक खेकडे एकेक वेचून टाकायचे, नाहीतर दाताखाली कचकच येते. परातीतलं हिरवं ओलं शेवाळ त्या बोटांनी मोकळं करत होत्या. शेगडीवर तेल ठेवलेलं होतं, पहिला घाणा तळून झाला होता.

नीबिया बसली नाही. उभ्यानेच सांगितलं, मध्ये न थांबता. एबेरचा काही संबंध नाही, मी केलं, फोनवर बोलून केलं, घसाही खोटा होता.

ओर्फिलाबाईंची बोटं थांबली नाहीत. एक शिंपली निघाली, ती त्यांनी बाजूला टाकली.

"काय बोललीस?"

"वाट सांगितली."

"तसं नाही. जसं बोललीस तसं बोल. माझ्या घराबद्दल माणसं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताहेत. मीही ऐकते."

नीबियाला पाठ होतं. हिवाळ्यापासून ते तिच्या डोक्यात वाजत होतं. तिने हात बाजूला सोडले, तीस वर्षं माइकसमोर उभी राहायची तशी उभी राहिली आणि म्हणाली, "किनाऱ्याच्या रस्त्याने पूर्वेकडे निघा. निलगिरीची रांग संपली की उजवीकडे वाळूची वाट. तिच्या वळणावर निवडुंग आहे, हळू घ्या. पुढे तिसरं फाटक. पाटी नाही, तार आहे, ती काढा आणि पुन्हा लावा. वळणावर निवडुंग आहे, हळू घ्या. पाणी गोड आहे, पंप चालू आहे. टेकाडावर एक बाई राहते. एकटी आहे, मायाळू आहे." इथे तिचा आवाज खरंच बसला. "ती कुणाला नाही म्हणत नाही."

तेल तापल्याचा आवाज येत होता.

"कुणाला नाही म्हणत नाही," ओर्फिलाबाई म्हणाल्या.

"हो."

"असं म्हणालीस."

"हो."

"खोटं नाही ते." त्यांनी हात पदरासारख्या लांब एप्रनला पुसले आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर नीबियाला बरं वाटलं असतं. "नवरा असताना तो नाही म्हणायचा. मला कधी शिकावं लागलं नाही. तुला ठाऊक होतं. तू माझ्याकडे जेवलीस, झोपलीस, आणि माझ्यातलं हेच एक कच्चं ठिकाण तेवढं सगळ्यांना बोटानं दाखवलंस."

नीबियाने माफी मागितली. ते शब्द तिच्या स्वतःच्या कानांनाही फलाट क्रमांकासारखे वाटले.

तेवढ्यात फाटकाकडून भोंगा वाजला. एक लांब, दोन आखूड. आलोय, तार काढा, अशा थाटात. ओर्फिलाबाई सवयीने अर्ध्या उठल्या. गुडघ्यांवर हात टेकून तशाच वाकून राहिल्या क्षणभर, मग परत खाली बसल्या.

"जा," त्या म्हणाल्या. "तू सांग नाही म्हणून."

नीबिया वळली.

"आणि एबेरला म्हणावं भजी गरम आहेत. ये म्हणावं." त्यांनी शेवाळ पिठात टाकलं. "आता सांगते त्याला. डोळा वर करून बघायचीही लाज वाटते मला त्याच्याकडे. तुझ्यामुळे मलाही माफी मागायला लागणार."

नीबियाला ये म्हटलं नव्हतं. तिनेही तशी वाट पाहिली नाही.

एबेर जाडीच्या पायरीवर बसला होता. तिने निरोप दिला. तो उठला, टोपी काढून केस सारखे केले, पुन्हा घातली आणि तिच्याजवळून टेकाडाकडे गेला. चार पावलांवर थांबला. "गुडघा सांभाळ," वळून न बघता म्हणाला. "फाटकापाशी खड्डा आहे." मग गेला.

फाटकापाशी एक मोठी पांढरी गाडी उभी होती, छपरावर सायकली बांधलेल्या. अर्जेंटिनाची पाटी. खिडकीतून एका माणसाचा उन्हाने भाजलेला कोपर बाहेर आला होता, शेजारी त्याची बायको पायांवर नकाशा घेऊन बसली होती. नीबियाने तारेवर हात ठेवला. काढली नाही.

"इथे थांबता येणार नाही. ही वाट बंद आहे. मागे फिरा, किनाऱ्याच्या रस्त्याने पुढे गेलात की गावाचा सरकारी तळ लागेल."

माणूस काही बोलायच्या आत त्याच्या बायकोने त्याच्या दंडावर हात ठेवला. "अरे, हीच ती. ऐक ना. निरोपातली बाई."

"कोण?"

"तिसऱ्या फाटकवाली. तोच आवाज आहे." ती खिडकीतून पुढे झुकली, हसरी, एखाद्या ओळखीच्या माणसाला भेटल्यासारखी. "तुम्हीच ना? आम्ही सगळी वाट तुमच्या आवाजावर आलो. हा म्हणत होता चुकलो, मी म्हटलं, बाई इतकं नीट सांगतेय, चुकू कसे?"

"मीच," नीबिया म्हणाली. "मी सांगायला नको होतं. जागा माझी नव्हती. जिची आहे तिचं घर त्यामुळे जायची वेळ आली आहे."

दोघं एकमेकांकडे बघू लागली. माणसाने कोपर आत घेतला.

"एक रात्र," तो म्हणाला. "पहाटे निघतो. कुणाला कळणार पण नाही. निरोपात तर म्हटलंय, बाई मायाळू आहे."

"आहे. म्हणूनच तिनं मला पाठवलंय."

"आजीबाई, दिवसभर गाडी चालवून आलोय आम्ही."

"नाही," नीबिया म्हणाली. तिला वाटलं होतं हा शब्द जड जाईल. तो सोपा होता. एवढा सोपा शब्द त्या म्हातारीला म्हणता येत नाही हे माहीत असून आपण काय केलं, ते तिला त्या क्षणी नव्यानं कळलं, आणि तिने तार घट्ट धरली. "नाही. मागे घ्या."

माणूस पुटपुटला, ते तिने ऐकून घेतलं. वाट अरुंद होती, वळायला जागा नव्हती, आणि वाळूत उलटी गाडी हाकणं त्याला जमत नव्हतं. चाक कडेला घसरून फिरू लागलं. नीबिया फाटकाखालून वाकून बाहेर आली, गुडघा धरत गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हात उंच केले. डावीकडे. अजून. आता सरळ. थांबा. तिचा आवाज वाटेच्या टोकापर्यंत जात होता.

गाडी वळणापर्यंत मागे गेली तेव्हा डांबरी रस्त्यावरून आणखी एक धुळीचा लोट आत वळताना दिसला. पाठीमागे, टेकाडांच्या सपाटीत, आधीच येऊन बसलेले सगळे अजून बाकी होते, रोसारियोची बाईसुद्धा, गोड पावांची थाळी देऊन गेलेली. त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन बोलायचं होतं. उद्या साहेब यायच्या आत सपाटी रिकामी झाली तरी घर वाचेल की नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

नीबियाने गळ्याचा मफलर सोडला, कमरेला बांधला आणि धुळीच्या दिशेने चालू लागली. गाडी दिसायच्या आधीच तिने बोलायला सुरुवात केली होती.